पहिल्या तासाची झोप

जानेवारीतली पहाट. घड्याळात सव्वासहा होत आलेले असतात आणि डोंबिवली, कल्याण किंवा कांदिवलीतल्या कुठल्याशा सोसायटीच्या फाटकाशी शाळेची व्हॅन हॉर्न वाजवत उभी असते. बाहेर अजून अंधार आहे, जिन्यातला दिवा चालू आहे. पाठीवर दप्तर घेऊन नववीतली मुलगी खाली उतरते, व्हॅनमध्ये बसते आणि पुढचं वळण येण्याआधीच तिचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं असतं. वर स्वयंपाकघरात तिची आई ओटा आवरते आहे. ती पावणेपाचला उठली, कारण पाणी पाचला येतं आणि साडेसहाला जातं. त्यातच डबा, त्यातच धाकट्याची तयारी. सूर्य उगवायला अजून तास आहे. सात वाजता शाळेत पहिला तास सुरू होईल आणि बहुधा तो गणिताचा असेल. कारण सकाळी डोकं ताजं असतं, असं सगळेच मानतात.

पन्नाशीतल्या शिक्षकांपैकी बहुतेकांचं डोकं सकाळी सातला ताजं असतं, यात शंका नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांबद्दल मात्र झोपेच्या अभ्यासातून गेल्या चाळीसेक वर्षांत वेगळंच चित्र पुढे आलं आहे. आणि ते चित्र शाळेच्या वेळापत्रकाशी तर जुळत नाहीच, पण ते वेळापत्रक सुधारण्याच्या आपल्या प्रयत्नाशीही पुरतं जुळत नाही.

तो प्रयत्न महाराष्ट्रात झाला. 2023 च्या डिसेंबरात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळांचा विचार करण्याची सूचना केली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा तो आदेश. मुलं रात्री उशिरा झोपतात, सकाळी लवकर उठतात, झोप अपुरी राहते. थंडी-पावसात लवकर आवरताना पालकांची ओढाताण होते, अशी कारणं त्यात होती. आजी-आजोबांनी स्वागत केलं, बसवाल्यांनी वाहतुकीच्या कोंडीची भीती घातली, दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांनी डोक्याला हात लावला. या सगळ्या चर्चेत एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. चौथीपर्यंतच का?

उत्तर इतकं उघड वाटतं की प्रश्न सुचतच नाही. लहान मुलं कोवळी, त्यांना झोप जास्त लागते. मोठ्या मुलांनी आता सवय करायला हवी. झोपेची गरज वयाबरोबर कमी होते हे खरंच आहे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संस्थेने 2016 मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने जे प्रमाण सांगितलं त्यानुसार तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून 10 ते 13 तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि तेरा ते अठराच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी. म्हणजे दहावीच्या मुलालाही किमान आठ तास. पहाटे साडेपाचला उठायचं तर साडेनऊला गाढ झोप लागलेली असायला हवी. दहावीच्या मुलाच्या घरात साडेनऊला काय चाललेलं असतं, हे सांगायला नको.

मोठ्या मुलांची झोप कमी होते हे शास्त्रज्ञही एकेकाळी गृहीत धरूनच चालले होते. 1976 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्सकेडन या संशोधिकेने मुलांचं एक आगळं उन्हाळी शिबिर सुरू केलं. दहा-बारा वर्षांची मुलं काही दिवस तिथे राहायची, खेळायची आणि रात्री डोक्याला तारा लावून झोपायची. झोपायला पूर्ण दहा तास दिलेले. तीच मुलं दरवर्षी परत यायची. वय वाढेल तशी झोप घटताना दिसेल, ही अपेक्षा. पण मुलं कितीही वर्षांची असोत, संधी मिळाली की सव्वानऊ तासांच्या आसपास झोपत राहिली. उलट थोडी मोठी झालेली मुलं तेवढीच झोप घेऊनही दिवसा आधीपेक्षा जास्त पेंगत होती.

पुढे ब्राउन विद्यापीठात गेल्यावर कार्सकेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी बाजू उलगडली. झोपेचं तंत्र दोन गोष्टींवर चालतं. एक म्हणजे झोपेची भूक. जागेपणी मेंदूत अडेनोसिनसारखी द्रव्यं साचत जातात, जितका वेळ जागे तितकी भूक मोठी. (चहा-कॉफीतलं कॅफिन ही भूक मिटवत नाही, तिची घंटा तेवढी बंद करतं.) दुसरी गोष्ट शरीरातलं घड्याळ. अंधार पडल्यावर ते मेलाटोनिन हे संप्रेरक सोडण्याची खूण करतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना या दोन्हींत बदल होतो. झोपेची भूक सावकाश वाढू लागते, त्यामुळे नऊ वर्षांचं मूल साडेनऊला कोसळतं तिथे पंधरा वर्षांचा मुलगा टक्क जागा असतो. आणि मेलाटोनिनची खूणही उशिरा येऊ लागते. झोपण्या-उठण्याची ही नैसर्गिक वेळ किशोरवयात दोन तासांपर्यंत पुढे सरकू शकते. हे सरकणं विशीच्या आसपास टोक गाठतं आणि मग पुन्हा हळूहळू मागे येतं. साठीत पहाटे चारला डोळे उघडणाऱ्या आजोबांना दहापर्यंत लोळणारा नातू आळशी वाटतो. दोघेही आपापल्या घड्याळाप्रमाणेच वागत असतात.

यात मोबाइलचा दोष नाही असं मुळीच नाही. पण मोबाइल नव्हते तेव्हाही हे होत होतं. 1990 च्या दशकात कार्सकेडन यांनी नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. त्यांची शाळा नववीत 8 वाजून 25 मिनिटांनी सुरू व्हायची, दहावीत 7 वाजून 20 मिनिटांनी. तासाभराने लवकर उठावं लागतंय म्हणून मुलं तासाभराने लवकर झोपू लागली का? नाही. झोपण्याची वेळ जवळपास तिथेच राहिली, झोप तेवढी आखडली. सकाळी साडेआठला त्यांना शांत खोलीत आडवं होऊ दिलं तर ती काही मिनिटांत झोपत होती आणि त्यांच्यातली सुमारे निम्मी मुलं सरळ स्वप्नांच्या झोपेत शिरत होती. निरोगी माणूस झोप लागल्यावर साधारण दीड तासाने त्या टप्प्यावर पोहोचतो. झोप लागताच स्वप्नांत शिरणं हे नार्कोलेप्सी या आजारात दिसतं. ही मुलं आजारी नव्हती. त्यांच्या शरीराच्या हिशेबाने रात्र संपलीच नव्हती आणि ती वर्गात बसायला आली होती.

लहान मुलांचं काय होतं, याचं उत्तर 2017 नंतर कोलोरॅडो राज्यातल्या चेरी क्रीक या शालेय जिल्ह्याने दिलं. तिथे सगळ्या शाळांच्या वेळा एकदम बदलल्या, पण आपल्याहून उलट दिशेने. प्राथमिक शाळा तासभर अलीकडे आणून आठला भरवल्या आणि मोठ्या मुलांच्या शाळा पुढे ढकलल्या. प्राथमिकची मुलं लवकर झोपू लागली. त्यांची झोप सरासरी 11 मिनिटांनीच घटली. माध्यमिक शाळेतल्या मोठ्या मुलांची झोप रोज सुमारे 45 मिनिटांनी वाढली. लहानांचं घड्याळ वाकवता येतं. मोठ्यांचं येत नाही, किंवा फार थोडं येतं.

या निष्कर्षाला आपल्याकडे एक महत्त्वाची पुस्ती जोडावी लागेल. कोलोरॅडोतली आठ वर्षांची मुलं आधीच साडेआठ-नऊपर्यंत झोपणारी. मुंबई-पुण्यात आई-बाबा घरी येतात तेच आठला. जेवण साडेनऊला, त्यानंतर टीव्ही, वरच्या मजल्यावरचा ड्रिल, चौकातला डीजे. इथली दुसरीतली मुलगी अकराला झोपते. तिला नऊची शाळा मिळाली तर तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. प्रश्न तिच्या नऊ वाजण्याचा नाही, तिच्या दादाच्या सातचा आहे. इमारत एक आणि सत्रं दोन असली की लहानांना नऊनंतर घेण्यासाठी सकाळ कुणाला तरी द्यावी लागते, आणि ती पाचवीच्या पुढच्यांनाच जाते. ज्या वयात पहाटे उठणं शरीराला सगळ्यात जड, त्याच वयाच्या वाट्याला पहाट.

लवकर उठण्याबद्दल आपल्या मनात आदर आहे आणि तो उगीच नाही. ज्या काळी तो रुजला तेव्हा दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत घर झोपायचं. आठ-साडेआठला निजून पाचला उठणाऱ्याची साडेआठ-नऊ तास झोप झालेली असायची. मराठीतल्या सुप्रसिद्ध म्हणीतही लवकर उठण्याआधी लवकर निजायला सांगितलं आहे. विजेचे दिवे आल्यावर म्हणीचा पहिला भाग गळून पडला आणि दुसरा भिंतीवर राहिला. चरकसंहितेत आहार आणि ब्रह्मचर्याच्या जोडीला निद्रेला शरीराचा उपस्तंभ, म्हणजे आधाराचा खांब म्हटलं आहे. त्या तिघांपैकी आहारावर आपण दिवसभर बोलतो. निद्रेवर बोलायचं तर जास्त झोपणाऱ्याला टोमणा मारण्यापुरतंच.

आठ तासांपैकी सहा झाले, म्हणजे पाऊण काम झालं, असाही एक हिशेब लोक करतात. झोप अशी सारख्या तुकड्यांत कापता येत नाही. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा लोंढा त्याच वेळी सुटतो. झोपेत मुलं वाढतात, हे आजीचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. पहाटेकडच्या तासांत स्वप्नांची झोप जास्त असते आणि शिकलेलं नीट बसवण्यात, भावना ठिकाणावर आणण्यात तिचा वाटा मोठा आहे. पहाटे दोन तास कापले की झोपेच्या चौथ्या हिश्शाहून कितीतरी मोठा भाग या स्वप्नझोपेचा जातो. म्हणून झोप कमी झालेलं मूल नुसतं पेंगत नाही. ते उखडतं, रडतं, दारं आपटतं, आणि लहान असेल तर उलट जास्तच उड्या मारतं. ‘तुमचा मुलगा फार चंचल आहे’ हे वाक्य शाळेत ऐकून आलेल्या पालकांनी डॉक्टरकडे जाण्याआधी आठवडाभर त्याच्या झोपेचे तास मांडून पाहावेत. (आणि तो रोज घोरत असेल तर मात्र डॉक्टरकडे जावंच. घोरणारं मूल गाढ झोपलंय असं समजतात. पुष्कळदा नाकामागची ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढल्याने त्याचा श्वास रात्रभर अडखळत असतो. ते दुखणं शाळा कितीही उशिरा भरली तरी जात नाही.)

मराठी घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे परदेशी अभ्यासांतून लक्ष जाणं शक्य नाही. आपलं घड्याळ आपल्या सूर्याचं नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, म्हणजे प्रयागराजच्या जवळून जाणाऱ्या रेषेवर ठरलेली आहे. मुंबई जवळपास 73 अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं धरली तर मुंबईचा सूर्य घड्याळाच्या सुमारे 39 मिनिटं मागे चालतो. नागपूरचा 14 मिनिटं. ब्रिटिश काळात प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी तिला कडाडून विरोध केला होता आणि पुढे कित्येक दशकं शहरात ‘मुंबई टाइम’ वेगळा पाळला जात होता, तो याच 39 मिनिटांसाठी. आज कुणाच्या लक्षातही नाही. पण पालघरपासून काणकोणपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर सहाला उठणारं मूल सूर्याच्या हिशेबाने साडेपाचच्याही आधी उठत असतं. जानेवारीत कोलकात्याला साडेसहाच्या आत उजाडतं, मुंबईत सव्वासात वाजतात.

त्याने बिघडतं काय? मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न भारतातल्या आकडेवारीवर तपासला. जिथे सूर्य उशिरा मावळतो तिथली मुलं रात्री उशिरा झोपतात. पण सकाळी उठण्याची वेळ सूर्य ठरवत नाही, शाळा ठरवते, आणि ती सगळीकडे सारखीच असते. सूर्यास्त तासभर उशिरा म्हणजे मुलांची झोप सुमारे अर्धा तास कमी, असं त्यांना आढळलं. दीर्घकाळाचा परिणाम अधिक बोचरा आहे. उशिरा सूर्यास्ताच्या जिल्ह्यांतली मुलं एकूण शिक्षणात मागे पडतात, तासाभराच्या फरकाला साधारण पाऊण वर्षाहून थोडं जास्त. फटका गरीब घरांना अधिक बसतो. गोंगाट, उकाडा, डास, एका खोलीत पाच माणसं. गेलेली झोप भरून काढायला त्यांच्याकडे जागाच नसते.

घराच्या तब्येतीचा विचार करताना या गोष्टी सहसा हिशेबात येत नाहीत. मुलाला सारखी सर्दी होते म्हणून च्यवनप्राश येतो, व्हिटॅमिनची बाटली येते, दही बंद होतं. अमेरिकेत 164 निरोगी प्रौढांच्या नाकात सर्दीचे विषाणू घालून केलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं, की सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त होती. प्रयोग मोठ्यांवरचा आहे, मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तो त्या पावणेपाचला उठणाऱ्या आईला नक्की लागू पडतो, जी रात्री बाराला भांडी विसळून आडवी होते आणि जिच्या झोपेचा उल्लेख शाळांच्या वेळांवरच्या चर्चेत डब्याच्या निमित्तानेच तेवढा येतो. भुकेचंही तेच. शिकागोमध्ये 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर पोट भरल्याची खूण करणारं लेप्टिन घटलं, भूक चाळवणारं घ्रेलिन वाढलं आणि त्यांचं मन गोड, खारट, पिठूळ खाण्याकडे ओढ घेऊ लागलं. डब्यातली पोळी-भाजी तशीच परत येते आणि मधल्या सुट्टीत वडापाव संपतो, त्यामागे नुसती जीभच असते असं नाही.

शाळा उशिरा भरवली तर मुलं तेवढीच उशिरा झोपतील, मग उपयोग काय, हा आक्षेप नेहमीचा. सिअॅटल शहराने 2016 मध्ये माध्यमिक शाळा 7 वाजून 50 मिनिटांवरून पावणेनऊला नेल्या तेव्हा संशोधकांनी मुलांच्या मनगटावर नोंदयंत्रं बांधून आधी आणि नंतर मोजमाप केलं. झोपण्याची वेळ फारशी हलली नाही, मुलं सकाळी उशिरा उठली आणि रोजची झोप 34 मिनिटांनी वाढली. गरीब वस्तीतल्या शाळेत उशीर आणि गैरहजेरी कमी झाली. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कायदाच केला आणि 2022 पासून तिथली हायस्कुलं साडेआठच्या आधी भरू शकत नाहीत. फ्लोरिडानेही 2023 मध्ये असा कायदा केला, पण बसगाड्या आणि खर्चाचं गणित जमेना म्हणून अंमल सुरू होण्याआधीच 2025 मध्ये तो मागे घेतला. म्हणजे शरीरशास्त्र पटूनही गाडी अडते ती बसच्या फेरीपाशी.

आपल्याकडे ती आणखी दहा ठिकाणी अडते. नऊची शाळा असली की 8 वाजून 17 मिनिटांची लोकल पकडणाऱ्या आईने मुलाला सोडायचं कुणाकडे? रिक्षावाल्या काकांच्या सकाळच्या दोन फेऱ्यांची एकच उरली तर ते दर वाढवणारच. सात ते बारा आणि साडेबारा ते साडेपाच या दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळेला दुसरी इमारत कोण देणार? शिक्षिकेला दुपारी स्वतःच्या घरी पोहोचायचं असतं. या अडचणींना हसून चालणार नाही. सकाळची शाळा काही कुणी मुलांना छळायला काढलेली नाही, ती जागेच्या आणि पैशाच्या टंचाईतून आली. पण तिला नंतर शिस्तीचं आणि संस्काराचं नाव मिळालं, आणि मग तिच्याबद्दल प्रश्न विचारणंच बंद झालं. दोन पाळ्या अटळच असतील तर कोणती कुणाला द्यायची, हा प्रश्न तरी विचारता येतो. चौथीपर्यंतच्या मुलांना घरी लवकर झोपवणं शक्य असेल अशा गावांत आणि शाळांत सकाळ लहानांना आणि दुपार मोठ्यांना, हा क्रम शरीराला अधिक मानवणारा आहे. सध्याचा आदेश ती वाट बंद करतो. महानगरात तो बरोबर असेल. सगळ्या राज्याला एकच माप कशाला, हे समजत नाही.

आणि शाळेने वेळ बदलली तरी पहाटेच्या क्लासचं काय? अकरावी-बारावीची मुलं सहाला क्लासला हजर असतात. दुपारी दोनला जेवून आडवी होतात, दोन तास मेल्यासारखी झोपतात, संध्याकाळी पुन्हा क्लास, आणि दुपारच्या झोपेने भूक अर्धी मिटलेली असल्यामुळे रात्री साडेबारापर्यंत डोळा लागत नाही. आई म्हणते, रात्री जागतोस आणि दुपारी लोळतोस. दोन्ही एकाच दोरीची टोकं आहेत. लॉस एंजेलिसमध्ये 535 विद्यार्थ्यांनी नववी, दहावी आणि बारावीत दोन-दोन आठवडे रोजच्या अभ्यासाच्या आणि झोपेच्या नोंदी ठेवल्या. ज्या दिवशी मुलाने झोप मोडून नेहमीपेक्षा जास्त अभ्यास केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात समजायला त्रास होण्याची किंवा चाचणीत घसरण्याची शक्यता वाढलेली दिसली. मुलगा एकूण किती अभ्यासू, यावर ते अवलंबून नव्हतं.

घरात करता येण्याजोगं त्यातल्या त्यात जे आहे ते दिव्यापासून सुरू होतं. जपानमधल्या एका अभ्यासात रात्रीच्या त्याच प्रकाशाने प्राथमिक शाळेतल्या मुलांचं मेलाटोनिन मोठ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट दबलं. म्हणजे दिवाणखान्यातली पांढरी एलईडी ट्यूब वडिलांना चालते तितकी मुलाला चालत नाही. जेवणानंतर ती बंद करून पिवळा दिवा लावणं हे फुकटात होतं. मोबाइल हिसकावण्यापेक्षा सगळ्यांचेच, वडिलांचासुद्धा, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावले तर भांडण कमी होतं. सकाळी उठल्या उठल्या गच्चीत किंवा खिडकीत दहा-पंधरा मिनिटं उजेड घेतला की घड्याळ थोडं मागे ओढलं जातं. पावसाळ्यात आणि जानेवारीत मात्र सहाला बाहेर उजेडच नसतो, तेव्हा हा उपाय मधल्या सुट्टीवर ढकलावा लागतो. दुपारची झोप वीस-तीस मिनिटांची आणि चारच्या आत. रविवारी तासभर जास्त झोपू द्यावं. अकरापर्यंत झोपलं तर सोमवारची पहाट परदेशातून उतरल्यासारखी जाते. शास्त्रज्ञ याला सामाजिक जेटलॅग म्हणतात, आणि दर आठवड्याला विमानात न बसता तो भोगणाऱ्यांत दहावी-बारावीची मुलं सगळ्यात पुढे.

शाळेच्या हातातही इमारत न बदलता काही आहे. सातचीच शाळा ठेवायची असली तरी पहिल्या तासाला गणित ठेवलंच पाहिजे असं नाही. खेळ, कवायत, चित्रकला, वाचन आधी घ्यावं. उजेडात मैदानावर उभं राहण्याने जाग तरी येईल. गणित-विज्ञान नऊनंतर. घटक चाचणी सव्वासातला घेऊ नये. पालकसभेत हे बोलायला परवानगी लागत नाही.

एका ठिकाणी आपण हे आधीच मान्य केलेलं आहे. ज्या परीक्षेसाठी ही सगळी पहाट चालते, त्या महाराष्ट्राच्या दहावी-बारावी बोर्डाचा सकाळच्या सत्रातला पेपर अकराला सुरू होतो.